पाटीवरचा शब्द

आईला ताप होता म्हणून तिला नागपूरच्या एका इस्पितळात नेलं होतं. बाकावर माझ्या शेजारी एक बाई बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखत होतं आणि आम्हा सगळ्यांच्या आधी त्याला आत नेलं होतं.

"त्या पाटीवर काय लिहून आहे, भाऊ?" तिने विचारलं.

"ट्रायाज." मी फ्रेंच शिकवतो, म्हणून सवयीने पुढेही सांगितलं. "इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलेला शब्द आहे. निवडणं, असा अर्थ. पूर्वी लोकर, कॉफीच्या बिया निवडण्याला म्हणायचे. इथे पेशंट निवडतात."

तिचा चेहरा जरा सैल झाला. "कळमन्याच्या फळबाजारात माहं हेच काम आहे, संत्री निवडाचं. चांगला माल पयले उचलतेत. यायले पयले नेलं, म्हंजे बरेच असतीन."

इथे सगळ्यात वाईट अवस्थेतल्या माणसाला आधी नेतात, हे मला सांगवेना. मी नुसती मान हलवली. तिने पहिल्यांदाच भिंतीला पाठ टेकली.

थोड्या वेळाने डॉक्टर बाहेर आले. तिच्याकडे बघून त्यांनी हळू आवाजात विचारलं, "यांच्यासोबत कोणी आहे का?"

कोणीच नव्हतं. मी उठून तिच्याजवळ उभा राहिलो.