उंच सीटवरून खाली

सव्वीस वर्षं मी ट्रक चालवला. सुरुवातीची बारा वर्षं मालकाचा, नंतरची चौदा स्वतःचा. पारनेरचा कांदा भरायचा, वाशीला उतरवायचा, येताना सिमेंट नाहीतर खत, मिळेल ते घेऊन यायचं. माळशेज, खंडाळा, करंजी, सगळे घाट पाठ. एवढ्या वर्षांत मला रस्त्याची भीती अशी वाटली नाही. एकदा उतारावर ब्रेक धरेनात, एकदा पुढचं टायर फुटलं. छाती धडधडली, पण पुढच्या टपरीवर चहा पोटात गेला की संपलं. म्हणून हे लिहायला थोडी लाज वाटते. मी खरा घाबरलो तो ट्रक विकल्यावर, एका छोट्याशा गाडीत बसून.

ट्रक म्हातारा झाला होता. डिझेल नुसता प्यायचा. लिटरला धड तीन किलोमीटरही चालेना. व्यापारी नव्या गाड्यांना माल देऊ लागले आणि आमचा ट्रक आठवड्यातले चार दिवस दारात उभा राहू लागला. त्यातच मुलीचं लग्न होऊन ती कोल्हारला गेली. बायकोचे गुडघे धरलेले. लेकीकडे जायचं तर दोनदा एसटी बदलायची, त्यातही जागा मिळेल याची खात्री नाही. एके दिवशी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "अहो, हा हत्ती देऊन टाका आता कोनाला तरी. चार मानसं बसतील एवढी गाडी आना. लेकीकडं जाता यील, दवाखान्यात जाता यील."

"आन मी काय करू?"

"शेत हाय की. तुमी कधी बघितलंय का ते नीट?"

नगरला जुन्या गाड्यांचा व्यवहार करणारा एक जण ओळखीचा होता. त्यानं ट्रक ठेवून घेतला आणि बदल्यात सीएनजीवर चालणारी एक पांढरी छोटी गाडी दिली. दोन्हीकडचे कागद एका दुपारी झाले. ट्रकच्या डॅशबोर्डवरचा देवीचा फोटो मी काढून खिशात ठेवला. बायकोनं नव्या गाडीपुढं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा त्या माणसाच्या हातावरही ठेवला. ती इतकी खूश होती की मलाही बरं वाटलं.

ट्रकमध्ये माणूस चढून बसतो. या गाडीत मी वाकून खाली बसलो. गुडघे स्टिअरिंगला लागले, सीट मागं सरकवली. गावाकडं निघालो, केडगाव सोडून सुप्याच्या रस्त्याला लागलो आणि एक कंटेनर शेजारून गेला. आमची गाडी हलली. माझ्या कानाच्या उंचीवर त्याच्या चाकांचे नट फिरत होते. ट्रकमधून मला पुढच्या चार गाड्यांच्या पलीकडचं दिसायचं. इथं पुढच्या टेम्पोचा मागचा फाळका तेवढा दिसत होता. त्याच्यापुढं काय आहे, रस्ता वळतोय का, कोण थांबलंय, काही कळायला मार्ग नव्हता. मागून डिपर मारत कुणी आलं की आरसा नुसता उजेडानं भरायचा.

बायको मोबाईलवर लेकीशी बोलत होती. "अगं, गार हवा येती गं यात! आवाज तर अजिबातच न्हाई."

"गप बस जरा!" मी ओरडलो.

तिनं फोन बंद केला. "काय झालं?"

"काय न्हाई. नवी गाडी हाय. अंदाज यू दे."

तळहात इतके ओले झाले होते की स्टिअरिंग सटकत होतं. सुप्याच्या अलीकडं एका हॉटेलापुढं गाडी घेतली आणि सांगितलं, इंजिन गरम झालंय, पाच मिनिटं थांबू. ती उतरली, बॉनेटवर हात ठेवला, काढून घेतला आणि चहा सांगायला गेली. 

त्यानंतर महिनाभर मी कारणं सांगत राहिलो. सीएनजीला लांब रांग असते. विमा माझ्या नावावर व्हायचाय. आज अमावास्या आहे. गावातल्या गावात, देवळापर्यंत, दूध डेअरीपर्यंत मी गाडी न्यायचो; हायवेच्या फाट्यावर पोचलो की मी परत फिरायचो. नगरला काम निघालं तर एसटीनं जायचो. शेजारचे एक जण येता-जाता विचारायचे, "काय शेठ, गाडी काय दारात बांधायला आनली का?" मी हसायचो. घरात जेवताना बायको माझ्याकडं बघायची आणि ताटात भाजी वाढायची. तिनं विचारलं असतं तर मी चिडलो असतो, हे तिला माहीत होतं.

मग लेकीला सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी आणणं आलंच. जावयाला सुट्टी नव्हती. तिच्या सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "गाडी घेतलीय न्हवं तुमी? मग या की घेऊन जायला. एसटीत नको बसवायला तिला." आता कुठलंच कारण चालणार नव्हतं.

जाताना कसाबसा पोचलो. सकाळी लवकर निघालो होतो, रस्ता मोकळा होता. तरीही विळद घाटात मी इतका हळू चाललो होतो की दूधवाले मोटरसायकलीवरून पुढं जात होते. कोल्हारला जेवण झालं, सासूबाईंनी लेकीची ओटी भरली, मागच्या सीटवर दोन उश्या लावून तिला बसवलं. बारा वाजता परत निघालो.

उसाचा हंगाम होता. नगर-मनमाड रस्त्यावर कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर एकामागून एक, प्रत्येकाला दोन दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. राहुरीच्या अलीकडं मी अशाच एका ट्रॉलीच्या मागं अडकलो. पुढं उसाची भिंत. मागं ट्रक, अगदी चिकटून, हॉर्नवर हॉर्न देत.

"आप्पा, जाऊ द्या ना त्याला," लेक म्हणाली.

जाऊ द्यायला जागा कुठं होती? मी डावीकडं सरकलो, आणखी सरकलो. ट्रक उजवीकडून पुढं घुसला. अर्धा माझ्या शेजारून गेला असेल, तेवढ्यात समोरून बस आली. ट्रकवाल्यानं ट्रक डावीकडं दाबला. मी अजून शेजारीच आहे हे त्यानं पाहिलंच नव्हतं. त्याची मागची चाकं मागच्या दाराच्या काचेला, लेकीच्या डोक्याच्या रेषेत, येऊन टेकतात की काय असं वाटलं. मी ब्रेक मारला आणि स्टिअरिंग झटक्यात डावीकडं फिरवलं. गाडी साइडपट्टीवरून खाली गेली, एका बाजूला कलंडल्यासारखी झाली आणि बाभळीपासून दोन हातांवर थांबली.

 वर टपावर ट्रॉलीतून पडलेली उसाची वाढी, शेंड्याची हिरवी पाती, वाजत होती.

"थांबलो का आपण?" लेकीनं विचारलं. तिनं दोन्ही हात पोटावर धरले होते आणि डोळे मिटलेले होते.

"थांबलो," तिची आई म्हणाली. "दुखतंय का कुठं?"

"न्हाई. हलतंय बाळ. हलतंय."

मला मागं वळून बघवेना. स्टिअरिंगवरून हात सुटेनात, बोटं आखडली होती. डोळ्यांपुढं दुसरीच गाडी होती. काही वर्षांपूर्वी शिक्रापूरच्या पुढं मी असाच एका ट्रेलरला आणि त्याच्यामागच्या छोट्या गाडीला ओव्हरटेक करत होतो. समोरून मोठी गाडी आली म्हणून ट्रक डावीकडं दाबला. आरशात धूळ उठलेली दिसली. शेजारी बसलेला जोडीदार म्हणाला, "निळी गाडी व्हती, गेली खाली." आणि आम्ही दोघं हसलो होतो. थांबलो नव्हतो. त्या गाडीत कोण होतं, किती जण होते, ते कुठं चालले होते, मला माहीत नाही. उसाची वाढी वाजत असताना मला ते पहिल्यांदा विचारावंसं वाटलं, आणि ज्याला विचारावं असं कुणी नव्हतं. 

बाभळीपलीकडं ऊसतोड टोळीच्या खोपी होत्या. तिथून तीन-चार माणसं धावत आली. एक बाई कळशी घेऊन आली, पाथर्डीकडची असावी बोलण्यावरून. तिनं लेकीकडं वाकून पाहिलं. "पयलंच हाय का गं? पानी पी. घोट घोट घे." मग माझ्याकडं पाहून गड्यांना म्हणाली, "त्यास्नी बसू द्या थोडं. बावरल्यात ते."

एका अनोळखी बाईनं ते सरळ बोलून टाकलं. मग मीही बोललो. बायकोला म्हणालो, "मला भ्या वाटतंय. पहिल्या दिवसापासनं वाटतंय. माझ्यानं न्हाई चालवायची ही गाडी."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "बॉनेट गार व्हतं त्या दिशी."

"मग बोलली का न्हाईस?"

"काय बोलू? सव्वीस वर्षं तुमी वाशीला गेला की मी हितं काय खात व्हते काय न्हाई, ते तुमी कधी इचारलं का? फोन वाजला की उचलवायचा न्हाई मला. तुमाला सांगितलं असतं तर तुमी हसला असता."

मी खरंच हसलो असतो.

गड्यांनी गाडी ढकलून साइडपट्टीवर आणून दिली. मी म्हटलं, कुणाला तरी ड्रायव्हर बोलवू. लेक म्हणाली, कोण येणार इथं, आणि कधी? शेवटी बायको पुढच्या सीटवर तिरकी बसली, गुडघा दुखत होता तरी, मान मागं वळवून. "तुमी पुढं बघा. मागचं मी सांगते."

पुढचे तीन तास तिनं तेच केलं. "मागं ट्रक हाय. लांब हाय अजून. जवळ आला. लाईट मारतोय. घ्या डावीकडं, यू द्या, यू द्या. गेला." ट्रकवर जोडीदार जसा खिडकीतून डोकं काढून ओरडायचा तसं, फक्त हळू आवाजात, मागच्या सीटवरची झोपली होती म्हणून. प्रत्येक "गेला" नंतर मी श्वास सोडायचो. राहुरीत एकदा, नगरच्या बाहेर एकदा मी गाडी थांबवली, खाली उतरून उभा राहिलो आणि खोटं कारण सांगितलं नाही. सूर्य मावळायच्या आत घरी पोचलो. त्या संध्याकाळी मी जेवलो नाही. बायकोनं मानेला तेल लावून घेतलं. पुढं चार दिवस तिची मान वळत नव्हती.

दोन महिन्यांनी लेकीला कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. नगरच्या दवाखान्यापर्यंत मीच नेलं. तळहात ओले होतेच. मांडीवर पंचा ठेवला होता, हात पुसत पुसत चालवली. मुलगी झाली. दोघी सुखरूप.

भीती गेली असं झालं नाही. अजूनही मोठी गाडी शेजारून जाते तेव्हा मी डावीकडं सरकतो, गरज नसताना. बायको बरोबर नसेल तर नगरच्या पुढं जात नाही.

गेल्या महिन्यात सुप्याच्या फाट्यावर जुने ट्रकवाले भेटले. चहा घेताना एकानं छोट्या गाडीवरून चेष्टा काढली तेव्हा मी सगळं सांगितलं, राहुरीचं आणि निळ्या गाडीचंही. "ट्रकवाला आन घाबरतो!" म्हणत दोघं-तिघं खूप हसले. पूर्वी आपला ट्रक घेऊन माझ्याबरोबर वाशीला येणारा एक जण मात्र कप हातात धरून तसाच बसला होता. त्याचा ट्रक बाहेर कांद्यानं भरून उभा होता.

निघताना तो माझ्या गाडीपाशी आला. वाकून आत बघितलं, मग विचारलं, "बसून बघू का जरा?"

"बस की."

तो ड्रायव्हरच्या सीटवर बसला, दार ओढून घेतलं आणि काचेतून हायवेकडं बघत राहिला. दोन कंटेनर गेले. मग उतरला आणि ट्रककडं गेला. फाट्यावरून रस्त्याला लागताना त्यानं बराच वेळ वाट पाहिली. लांबून येणारी एक मोटरसायकल आणि तिच्यामागची रिक्षा जाऊ दिली, आणि मगच ट्रक काढला.