थेंबभर तूप

मुलीला दुधाचं काहीच चालत नाही, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सगळ्यात जास्त राग मला आला. जणू पोरीने ते मुद्दाम केलं होतं. सहा वर्षांची ती. दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, सगळं बंद. चुकून पोटात गेलं की मानेवर आणि कोपरांच्या आत लाल चट्टे उठायचे. मग ती रक्त येईस्तोवर खाजवायची.

बायको तेल्हाऱ्याला शिक्षिका. सकाळच्या एसटीने जाते, म्हणून डबा माझ्याकडे आला. मी अकोल्यात वकिली करतो, आणि अंगावर पडलेल्या कोणत्याही कामाची केस करून टाकतो. उकडपेंडीत ताकाऐवजी चिंचेचा कोळ घातला. मुगाची धिरडी तेलावर काढली, शेंगदाण्याचे लाडू गुळात वळले. दुकानातली बिस्किटं घरात येणं बंद केलं. कोर्टाच्या बाररूममध्ये मी धिरड्यांवर बोलायला लागलो की लोक चहा अर्धा टाकून उठायचे.

आई म्हणायची, "तूप कुठं दूध असते रे? पोरीले वाळवून राहिला तू." मी तिला गप्प करायचो.

तरी चट्टे काही जाईनात.

शाळेत मुली गोल करून डबा खातात. माझी मुलगी रोज एकाच मैत्रिणीला चिकटून बसायची आणि दोघी एकमेकींच्या डब्यात खायच्या. ती मैत्रीण आमच्याच रस्त्यावर थोडी पुढे राहते, तिची आई तहसीलमध्ये नोकरीला आहे. बौद्ध कुटुंब. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आडनाव ऐकलं की आपल्याकडे बाकीचं आपोआप कळतं. तिच्या डब्यातल्या फुणक्यांचं, म्हणजे तुरीच्या डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांचं, कौतुक मुलगी घरी येऊन सांगायची. मला वाटलं, सापडलं.

शाळा सुटताना फाटकाशी मी त्या बाईंना गाठलं. चिडलो की मी वऱ्हाडी सोडून कोर्टातली मराठी बोलतो.

"तुमच्या घरचं काही यापुढे माझ्या मुलीला खायला देऊ नका."

मुलीचं बोट धरून, चारचौघांत आणि मोठ्याने म्हणालो. दुधाचं, चट्ट्यांचं कारण मागाहून सांगितलं, पण तोवर त्यांचा चेहरा मिटला होता. शेजारच्या दोघी जणी एकदम पर्समध्ये चाव्या शोधायला लागल्या. ते वाक्य त्या बाईंनी आयुष्यात आधीही कुठेतरी ऐकलं असणार, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही. आणि जयंतीला बाररूममध्ये समतेवर भाषण मीच करतो.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "सांगते मी तिले."

दुसऱ्या दिवसापासून मुली वेगळ्या बसायला लागल्या. डबा अर्धा परत येऊ लागला. चट्टे मात्र होते तसेच होते.

मग एका सकाळी मी डबा भरत होतो. पक्षकाराचा फोन आला होता, तो मान वाकडी करून खांद्याशी धरलेला. मुलगी ओट्याशी उभी होती. मी झाकण लावलं, तशी ती म्हणाली, "बाबा, थेंब राहिला."

"कसला थेंब?"

तिने शेजारच्या तुपाच्या वाटीकडे बोट दाखवलं.

माझे वडील जुन्या शहरात भिक्षुकी करायचे. पानावर तुपाचा थेंब पडल्याशिवाय अन्न शुद्ध होत नाही, अन्नशुद्धी म्हणतात त्याला. पंक्तीत तुपाचं भांडं घेऊन पानोपान फिरायचं काम लहानपणापासून माझं होतं. आता सकाळी आईच्या देवाचा नैवेद्य आणि मुलीचा डबा मी शेजारी शेजारी ठेवून भरतो. नैवेद्यावर थेंब पडला की चमचा तसाच पुढे डब्यावर जायचा. रोज. मी तूप घालतोय असं मला एकदाही वाटलं नाही. तूप म्हणजे पोळीला लावतात ते. घरात तुपाचा थेंबही तिला देत नाही, असं मी डॉक्टरांना छातीठोक सांगून आलो होतो.

मी अन्न शुद्ध करत होतो आणि पोर मान खाजवत होती. मला स्वतःच्या हाताची लाज वाटली. फोनवर पक्षकार हॅलो, हॅलो करत राहिला.

चमचा थांबला आणि थोड्या दिवसांत तिची मान स्वच्छ झाली. मग एका संध्याकाळी मुलीला घेऊन, धिरड्यांचा डबा भरून, मी त्यांच्या घरी गेलो. दारातच सगळं सांगितलं. अन्नशुद्धीसकट.

"तुमच्या पोरीनं मले पहिलेच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "दोघी एकाच डब्यात खातात म्हणून फुणक्यासंगं दही द्यायचं मी तेव्हापासूनच सोडलं." मग माझ्या हातातल्या डब्याकडे बघत, "तुपाचं राहू द्या. चूक कोणाच्याही हातून होते. पण तुमी पहिले आमच्याच डब्याकडे काहून पाहिलं?"

उलटतपासणीत साक्षीदार असा अडकला की मी न्यायाधीशांकडे बघतो. इथे सगळे माझ्याकडे बघत होते. उत्तर मला माहीत होतं, म्हणूनच मी धिरड्यांचा डबा पुढे केला.

त्यांनी ताणलं नाही. डबा आत नेला, धिरडी काढून घेतली आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून त्यात गरम फुणके भरून आणले. एक मुलीच्या हातावर ठेवला. मैत्रीण आईच्या मागे उभी राहून बघत होती. मुलीने फुणका तोंडापाशी नेला, मग थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, यांच्या घरचं खाऊ का?"

याआधी तिने असं कधी विचारलं नव्हतं.