चिमण्यांसाठी राखलेलं भोक

परवा रंगाऱ्यानं भिंतीच्या भेगा भरायला सिमेंट कालवलं आणि त्या ओल्या वासासरशी मला हिंगोलीतल्या आमच्या या घराचा नव्वदच्या दशकातला गिलावा आठवला. मिस्त्री पहाडाच्या, म्हणजे परांचीच्या, बांबूंसाठी भिंतीत ठेवलेली भोकं बुजवत वरून खाली उतरत होता. छपराजवळच्या एका भोकात चिमण्यांनी घरटं केलेलं, आत पिल्लांचा नुसता कालवा. "बुजव ते," वडील खेकसले, "नव्या घराला भोक ठेवतो काय? लोक हसतील." आई पिठाच्या हातानं तशीच उन्हात येऊन शिडीखाली उभी राहिली. "लेकरं हायती आत. काहून बुजवून राहिले?" मिस्त्रीनं वडिलांकडं बघितलंच नाही; थापीनं भोकाच्या कडा गोल करत राहिला. मग कितीतरी वर्षं तिथं चिमण्या नांदल्या. पुढं गल्लीभर स्लॅब पडले, गच्च्यांवर कबुतरं घुमू लागली, आणि चिमण्या कधी गेल्या ते कळलंसुद्धा नाही. आईही गेली. परवा रंगारी शिडीवरून विचारत होता, "हे भोक बुजवू का?" मी हो म्हणणार, तोच थकलेले वडील खुर्चीतून ओरडले, "काहून बुजवतो? लेकरं आली तर राहतील कुठं?"