नेपाळी रुपया, भूतानी गुलट्रम आणि माझा अभ्यास

चहा गार व्हायच्या आत सांगून टाकते. माझं स्वतःचं हसून झालेलं आहे, आता तुम्ही हसा. मला कंटाळा आलाय.

मी हिंजवडीत एका कंपनीत रिपोर्ट बनवते. म्हणजे आकडे घ्यायचे, ग्राफ काढायचा आणि मीटिंगमध्ये दाखवायचा. आमच्याकडे सपाट रेष दाखवायची सोय नाही. साहेब लगेच विचारतात, "यात स्टोरी काय?" मग आम्ही स्टोरी काढतो. इतकी वर्षं काढतेय की आता भाजीवाल्याच्या पाटीतसुद्धा मला ट्रेंड दिसतो.

तर कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीतल्या पाच बायकांनी नेपाळ-भूतान करायचं ठरवलं. कल्पना तळमजल्यावरच्या मीनाताईंची. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यामुळे गेली कित्येक वर्षं मीनाताईंची सगळ्यात लांबची सहल म्हणजे कोपऱ्यावरचं मेडिकल. यंदा त्यांची नणंद नागपूरहून येऊन आईला सांभाळणार होती. एकच आठवडा, तारखा पक्क्या.

"तिचं मन बदलायच्या आत मला विमानात बसवा," मीनाताई म्हणाल्या. "उतरवा कुठेही."

पैशांचं काम माझ्याकडे आलं. का? तर मी आयटीत. आयटीतल्या माणसाला सगळं कळतं असं अजून काही लोकांना वाटतं. मी कुणाचा गैरसमज दूर करायला गेले नाही.

आता प्रश्न असा, की आधी नेपाळ की आधी भूतान? कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, ज्याचं तिकीट स्वस्त ते आधी. मी म्हटलं, थांबा. पहिल्या देशात उरलेले पैसे आपण दुसऱ्या देशात बदलणार ना? मग नेपाळी रुपया आणि भूतानचं गुलट्रम, यांचे आजवरचे रेट नको का बघायला?

"असं कुणी बघतं का गं?" दुसऱ्या मजल्यावरच्या शुभांगीनं विचारलं.

"अभ्यास असणारे बघतात."

रविवारी दुपारी बसले. एका साइटवर जुन्या रेटचा ग्राफ मिळाला. आणि ग्राफ कसला हो, अख्खा सह्याद्री. शिखरं काय, दऱ्या काय. मी लगेच ग्रुपवर टाकलं : "गुलट्रमवर दबाव आहे. बुकिंग थांबवा." खाली चौघींचे हात जोडलेले. शुभांगीसुद्धा विरघळली, "बरं झालं तू आहेस."

आमच्या घरात मला हे वाक्य कुणी शेवटचं कधी म्हटलं होतं, आठवत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकलं. मग रोजच.

नवऱ्यालाही दाखवायचे. "शिरीष, बघ ना, आधी भूतान करावं असं दिसतंय."

"छान," पेपर खाली न घेता तो म्हणायचा.

तीन आठवडे हे चाललं. एका संध्याकाळी मीनाताई वर आल्या. सासूबाई एकट्या होत्या, म्हणून चपला न काढता दारातच उभ्या.

"अगं, तिकिटं वाढतायत म्हणे."

"वाढू द्या हो. रेटमध्ये भरून काढू."

"नणंदेनं गाडीचं रिझर्वेशन केलंय."

"पुढच्या आठवड्यात रेट आपल्या बाजूला येईल, मीनाताई. बघाच तुम्ही."

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. माझ्याच वयाची बाई, चष्मा डोक्यावर चढवलेला. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला आणि सगळा सह्याद्री समजावून सांगितला. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुण्यात काउंटरपलीकडचं माणूस शेवटपर्यंत ऐकून घेतंय म्हटल्यावर मी सावध व्हायला हवं होतं.

"मॅडम, हे सगळ्यात उंच शिखर म्हणजे किती?"

"एक पॉइंट सहा शून्य एक."

"आणि ही खोल दरी?"

"एक पॉइंट पाच नऊ नऊ," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता लॅपटॉप परत स्वतःकडे वळवला. हनुवटीवरची पुटकुळी भिंगातून बघितली की तिचीही टेकडी होते. हे काम मी रोज ऑफिसात पगार घेऊन करते.

"भूतानचं गुलट्रम आपल्या रुपयाला एक. नेपाळी रुपया आपल्या रुपयाला एक पॉइंट सहा," ती म्हणाली. "दोन्ही आपल्या रुपयाला बांधलेले आहेत. आपण शाळेत होतो तेव्हापासून. हे खालीवर दिसतंय तो साइटवाल्यांच्या आकडेमोडीतला दशांशाचा फरक. आणि आपल्या नोटा तशाही दोन्हीकडे चालतात."

"म्हणजे बदलायचं काही नव्हतंच?" मीनाताईंनी विचारलं.

"नाही. पण तुमच्या तारखांना आता चारच सीट आहेत. काल सहा होत्या."

मीनाताईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. सासूबाईंनी औषध तिसऱ्यांदा थुंकल्यावर त्या जशा बघत असतील, तसं.

"चार करा," मी म्हटलं. "मी राहते."

"वाईट वाटतंय गं," मीनाताई म्हणाल्या, आणि तिकिटासाठी मतदार ओळखपत्र काउंटरवर ठेवूनसुद्धा झालं.

घरी येऊन शिरीषला सांगितलं. तो म्हणाला, "हो, माहितीये मला. कॉलेजात असताना गेलो होतो नेपाळला. शंभराला एकशे साठच मिळाले होते."

"मग बोलला का नाहीस?"

"तीन आठवडे बाथरूमचा गळका नळ कधी नीट करणार, असं मला कुणी विचारलं नव्हतं."

नळ अजून गळतोय.

चौघी गेल्या. परवा मी कंपनीच्या बसमध्ये होते, हिंजवडीच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली, गाडी बंद करून ड्रायव्हर खाली उतरलेला. तेवढ्यात मीनाताईंचा फोटो आला. मागे बर्फाचे खरे डोंगर, हातात चहा, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे तळमजल्यावर मी कधी बघितलेलं नाही. खाली लिहिलं होतं : "रेट बघितला गं. जागचा हललेला नाही."

मी उत्तर टाकलं, "मीसुद्धा."