आम्ही सहा जण आणि संगीता

एकाच बाईला एका सकाळी चार वेळा वजनकाट्यावर उभं केलेलं तुम्ही कधी पाहिलंय का?

मी पाहिलंय. उभं करणाऱ्या चौघींतली एक तर मीच होते! मोखाड्याच्या एका पाड्यावर अंगणवाडी चालवते मी. किस्से गोळा करायला जावं लागत नाही. आपण रजिस्टर हातात घेऊन वाटेनं चालावं, साडीला कुसळं चिकटावीत तसे ते चिकटतात.

झालं असं, की साहेबांनी मीटिंगमध्ये सांगितलं, "जोखमीच्या गरोदर बायांसाठी सगळ्यांनी मिळून काम करायचं." सगळे म्हणजे मी, आशाताई, सिस्टर, एका संस्थेची मीनल, पोलीसपाटील आणि गावचे भगतबाबा. यादीत पहिलं नाव संगीताचं. अंगात रक्त कमी. पहिलं बाळ घरीच झालं आणि घरीच गेलं. आता तारखेच्या आठ दिवस आधी तिला जव्हारला हॉस्पिटलात नेऊन ठेवायचं, एवढंच आमचं म्हणणं. मध्ये उभी तिची सासू, सोमीबाय.

"माझी सहा त्या कोपऱ्यात झाली. कोपरा कुठं पळालाय का?"

*

मिळून काम करायचं म्हणजे सगळ्यांनी तेच काम करायचं, असं आम्हाला वाटलं! सकाळी मी संगीताचं वजन घेतलं, चाळीस. मागून आशाताई आली, तिच्या काट्यावर एकेचाळीस. सिस्टरच्या साडेएकेचाळीस. मीनलचा काटा बॅटरीवाला, त्यावर बेचाळीस!

सोमीबाय ओट्यावर बसून सगळं ऐकत होती. म्हणाली, "न्याहारीपासून दोन किलो वाढली! आता कशाला दवाखाना?"

*

मग मीनलने ग्रुप काढला. आमच्याकडे रेंज फक्त देवळामागच्या खडकावर. त्यामुळे मेसेज टाकायलाही सगळे खडकावर आणि वाचायलाही सगळे खडकावर. एकदा सहाही जण तिथे माना खाली घालून बसलो होतो. माझा फोन वाजला. शेजारी बसलेल्या पोलीसपाटलांचा मेसेज होता: "बाई, जरा सरका, रेंज अडते."

मी अंगठा पाठवला आणि सरकले.

*

सिस्टरने ठरवलं, जोखमीच्या घरावर गेरूचा लाल ठिपका काढायचा. तिथे आधी जायचं, अंडी आधी द्यायची. संध्याकाळी आम्ही संगीताच्या एकटीच्या दारावर ठिपका काढला. सकाळी बघतो तर अख्खा पाडा लाल! पोलीसपाटलांच्या दारावर तर दोन ठिपके. पाटलीणबाई साठीच्या.

मी म्हटलं, "पाटील, तुमच्या घरात कोण गरोदर?"

"म्हैस."

"मग दोन ठिपके?"

"मागच्या वेळी जुळी झाली होती, बाई!"

*

भगतबाबांना सिस्टरने हात जोडून सांगितलं होतं, "बाबा, तुमच्याकडे कुणी आलं की तुमचं तुम्ही करा, पण नंतर माझ्याकडे पाठवा." बाबा शब्दाचे पक्के. सुपात तांदळाचे दाणे मांडायचे, देवाला विचारायचे आणि म्हणायचे, "दवाखान्यात जा." एकाची कोंबडी हरवली होती. त्यालाही पाठवलं! तो बिचारा तासभर रांगेत उभा. सिस्टरने केसपेपरवर लिहिलं, "तक्रार: कोंबडी."

सोमीबायला मात्र दाणे पटले नाहीत. "देव माझ्याशी असं बोलत नाय. बाबाला तुम्ही फोडलाय!"

*

संगीताची तारीख जवळ आली. तिच्या घरापासून रस्ता म्हणजे तासाभराचा चढ, गाडी खाली येत नाही. ऐन वेळी घोळ नको म्हणून ठरलं, बांबूला झोळी बांधून उचलून न्यायची एकदा तालीम करायची. वर रस्त्यावर ॲम्ब्युलन्स उभी केली. पण झोळीत बसवायचं कोणाला? संगीताला हिंदकळवायचं नाही, असं सिस्टरने बजावलेलं. आम्ही एकमेकांकडे बघतोय, तेवढ्यात सोमीबाय कडाडली, "अशी बांधतात झोळी? पोरीला पाडाल माझ्या! सरका, मी बसून बघते."

आणि बसली! चौघांनी उचललं. मग काय, झोळीतून हुकूम सुरू. "डावीकडं घ्या! अरे, पायाखाली बघ! पाटील, शिट्टी नंतर वाजव, आधी खांदा दे!" मागून अख्खा पाडा हसत चढतोय. भगतबाबांच्या तर डोळ्यांतून पाणी.

वर पोचल्यावर सिस्टर म्हणाली, "तालीम म्हणजे पुरती तालीम. बीपीसुद्धा घेणार." सोमीबायने ऐटीत हात पुढे केला. सिस्टरने पट्टा बांधला, फुगवला, आणि सिस्टरचंच हसू थांबलं. पुन्हा फुगवला. मग तिसऱ्यांदा.

"सोमीबाय, डोकं दुखतं का तुमचं?"

"दुखतंय की, भात काढल्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सहा जण येता आणि सुनेला विचारून जाता. मला कोण विचारतंय?"

आम्ही सहाही जणांनी मिळून तिला गाडीत चढवलं. सिस्टर तिच्याजवळ बसली, मागचं दार लागलं आणि ॲम्ब्युलन्स खरोखरच जव्हारला निघाली. आतून सोमीबायचा आवाज येत होता, "मंग भोंगा वाजव की रं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर वॉर्डात गेली, तर सोमीबायने शेजारच्या रिकाम्या खाटेवर आपला टॉवेल टाकून ठेवला होता आणि ती तिथे कुणाला बसू देत नव्हती. दहाच्या सुमारास संगीता आली आणि त्या खाटेवर आडवी झाली.