आत काय येतं, तेही पाहणाऱ्या वाघमारे मॅडम

शैलजा वाघमारे मॅडमची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी त्यांना सलाम ठोकला, आणि तीच माझी पहिली चूक ठरली. मी सदाशिव पेठेतल्या आमच्या कापड दुकानाच्या दारावरचा रखवालदार. शिक्षण सातवीपर्यंत. मॅडमच्या साठीच्या अंकात मी का लिहायचं, हे मला अजून समजलेलं नाही; पण सगळे म्हणाले, म्हणून लिहितो.

त्या दिवशी त्या हातात खोकं घेऊन आल्या आणि सरळ कॉम्प्युटरच्या खोलीकडे निघाल्या. मी सलाम ठोकून दार उघडून दिलं. पाच मिनिटांनी परत आल्या.

“काका, मी कोण?”

“मॅडम.”

“मॅडम म्हणजे कोण?”

“शेठच्या नात्यातल्या असाल...”

“म्हणजे ओळखत नाही आणि दार उघडता. वा! आता चहाही पाजा.”

त्या सुरक्षाप्रमुख म्हणून रुजू व्हायला आल्या होत्या. नोकरी गेली असं समजून मी डबा आवरायला घेतला. मॅडम मात्र खरंच चहाला थांबल्या.

त्यांच्याआधी आम्ही दारावरचे आणि वरचे कॉम्प्युटरवाले एकमेकांशी बोलत नसू. चोर दारातून येतो, असं आम्ही म्हणायचो. ते म्हणायचे, तारेतून येतो. मॅडमनी मला आठवड्यातून एक तास वर बसवायला सुरुवात केली. पडद्यावर काय हलतं ते मला आजही कळत नाही. “मॅडम, मी इथे काय करू?” असं विचारलं, तर म्हणाल्या, “काही नाही. त्यांना तुमचं तोंड ओळखीचं होऊ दे.”

मॅडमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. तिथे आत जातानाही झडती व्हायची, कोणाच्या खिशात काडेपेटी राहिली असेल म्हणून. “आणि आपण फक्त जाणाऱ्याची पिशवी बघतो,” असं त्या सारखं म्हणत. मी मान डोलवायचो. समजत नव्हतं.

मग दिवाळीच्या गर्दीत कार्डाचं मशीन दुरुस्त करायला एक गृहस्थ आले. गळ्यात ओळखपत्र, बोलणं गोड. त्यांच्या उघड्या पिशवीत एक छोटी काळी वस्तू दिसली. चार्जर असेल, असं मला वाटलं. ते जाताना मी पिशवी नीट तपासली. आमचं काही नव्हतं. ती काळी वस्तूही नव्हती.

पुढच्या सोमवारी वरच्यांच्या लक्षात आलं, की गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर बाहेर कुठेतरी चालले आहेत. शेठ भडकले. “दारावर माणूस ठेवलाय की बाहुला?”

बुधवारी मॅडम स्टूल ओढून माझ्याशेजारी बसल्या. “काका, गेल्या आठवड्यात काय आत आलं आणि बाहेर गेलं नाही?”

तीस वर्षांत असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी सांगून टाकलं. मॅडम पदर खोचून काउंटरखाली शिरल्या आणि कॉम्प्युटरच्या मागे खुपसलेली ती वस्तू काढून बाहेर आल्या. नावं त्यातूनच बाहेर जात होती.

शेठ म्हणाले, “यांना आजच घरी पाठवा.”

“पाठवा की. मग पुढच्या वेळी सांगणार कोण? नावं जातात एवढंच तुमच्या पडद्याला कळलं, कुठून ते नाही.”

मी राहिलो. तेव्हापासून आत येणाऱ्या पिशव्याही पाहतो, आणि वरून होकार आल्याशिवाय कोणालाही मशीनला हात लावू देत नाही. त्या बुधवारी संध्याकाळी मॅडमनी बिबवेवाडीला माझ्या घरी फोन केला होता. “वहिनी, काका आज जेवणार नाहीत. जरा बसून वाढा.” त्यांना कसं कळलं, देव जाणे.

अहवालात त्यांनी लिहिलं, ‘रखवालदारांनी लगेच सांगितले.’ ते ऐकल्यापासून मला चैन नाही. ती वस्तू मला सोमवारीच आठवली होती, शेठ ओरडत होते तेव्हाच. दोन दिवस मी भीतीने गप्प बसलो. त्या दोन दिवसांत किती लोकांची नावं गेली असतील? मॅडमना हे कळलं नव्हतं, की कळूनही त्यांनी तसं लिहिलं? विचार करून डोकं दुखतं. तोंडावर सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे सर्वांसमक्ष लिहितो.

मॅडम, आपल्याला भरपूर आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, रक्तदाब ताळ्यावर राहो. आमच्यासारख्या भित्र्या माणसांना आपली चूक ज्याला सांगता येईल, असं कोणीतरी लागतं. हे वाचून रागावलात, तर हक्काने रागवा. पण बऱ्या राहा.