गॅरेजमधली न उसवलेली पार्सलं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वाशीच्या आमच्या रो-हाऊसमध्ये लेकीच्या बोरन्हाणाची तयारी चालली होती आणि त्यासाठी आई वाईहून आली होती. त्या सकाळी मी लेकीला आंघोळ घालत होते... आणि आई मला न सांगता किल्ली घेऊन गॅरेजमध्ये गेली.

गॅरेज नावालाच. गाडी नव्हती, नवऱ्याची स्कूटर फाटकाशी उभी असायची. आत गणपतीचं मखर, मोडका कूलर आणि माझी लग्नातली पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत काय, तर लोकरीचे स्वेटर... वाशीत! जिथे जानेवारीतही आम्ही पंखा लावून झोपायचो.

आईला विणायचा भारी नाद. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने जावयासाठी स्वेटर पाठवला. मांजरपाटात शिवलेलं पार्सल, वर तिच्या अक्षरात पत्ता. नवऱ्याने तो महाबळेश्वरला एकदा घातला, आणि मी फोनवर ठोकून दिलं की हे तर सारखे तोच घालून असतात.

झालं... पुढच्या दिवाळीला दुसरं पार्सल, त्याच्या पुढच्या दिवाळीला तिसरं. मी ती उघडलीसुद्धा नाहीत. आत काय आहे ते माहीत होतं, आणि कपाटात रोजचे कपडेच मावत नव्हते. शिवलेलं पार्सल म्हणजे ना धूळ, ना लोकर खाणारी कसर, असा माझा शहाणपणा. वरून प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधायची, चार डांबरगोळ्या टाकायच्या आणि ट्रंक बंद.

आई दर होळीनंतर शेजाऱ्यांच्या फोनवरून बजावायची. स्वेटरना दोन दिवस कडक ऊन दाखव, कडुनिंबाचा वाळलेला पाला घाल, ट्रंक विटांवर ठेव, प्लॅस्टिकात कोंडू नकोस. मी नुसतं हो हो करायचे. खाडीकाठची हवा ही, पावसाळ्यात आमच्या भिंतींना घाम फुटायचा आणि ट्रंक थेट फरशीवर.

मग लेक झाली. बाळंतपण आटपून मी माहेरून वाशीला परतले आणि पाठोपाठ, ऐन पावसाळ्यात, लेकीच्या नावाचं पार्सल आलं. ते तरी उघडायचं की नाही... पण बाळ, नोकरी, पाळणाघर, उद्या उघडू म्हणता म्हणता तेही ट्रंकेत गेलं.

आईने फोनवर विचारलं, बाही लांब होत नाही ना? मी म्हटलं, अगदी मापात बसलाय, काय गोड दिसते त्यात! फोटो पाठव म्हणाली, तर रोल अजून संपला नाही म्हणून सांगितलं. एका खोट्यापाठी दुसरं, आणि जीभ जराही अडखळली नाही.

त्या सकाळी लेकीला सर्दी झाली होती. आई म्हणाली, मी पाठवलेला स्वेटर घाल तिला. गॅरेजमध्ये आहे, नंतर काढते, असं म्हणून मी बाथरूममध्ये गेले. आईला कुठला धीर!

लेकीला टॉवेलात गुंडाळून मी धावतच गेले. आई ट्रंकेपुढे फरशीवर बसली होती, मांडीवर तिन्ही पार्सलं. तिने उघडली नव्हती, कडेच्या टाक्यांवरून फक्त बोट फिरवत होती.

"माझीच शिवण हाय की गं ही," एवढंच म्हणाली.

मग तिने कात्री मागितली. मोठे दोन स्वेटर कसरीने पार चाळण केले होते. आधीचा, महाबळेश्वरला एकदा घातलेला, ट्रंकेच्या तळाशी तसाच पडून. लेकीचा पिवळा होता, पुढे दोन बदकं, आणि त्यांच्यावर बुरशीचे काळे डाग. तो स्वेटर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

मी काहीतरी सारवासारव करायला लागले. इथली हवाच दमट, वेळच मिळत नाही... आई ऐकत होती. तिच्या चष्म्याचा नंबर त्या वर्षी दोनदा वाढला होता, आणि वाईच्या घरी रोज दुपारभर दारातल्या उजेडात बसून तिने काय विणलं ते माझ्यासमोर पडलं होतं.

"तुमच्याकडं गारठा न्हाई, ते काय मला ठावं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "पण तूच म्हणलीस, घालत्यात म्हणून. मग मला बी हुरूप यायचा."

चिडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी बोरन्हाण झालं, आईने हौसेने नातीला हलव्याचे दागिने घातले, सोसायटीतल्या पोरांसोबत सांडलेली बोरंही वेचली. जाताना चारही स्वेटर तिने पिशवीत भरून नेले. मला वाटलं, उसवून चांगली लोकर वेगळी काढेल आणि पुन्हा काहीतरी विणेल.

पुढच्या दिवाळीला पार्सल आलं. मी ते लगेच, दारातच उघडलं... चिवडा, कडबोळी आणि लेकीला फ्रॉक. लोकरीचं काही नव्हतं.

त्याच थंडीत नवऱ्याला ऑफिसने महिनाभर दिल्लीला पाठवलं. स्टेशनजवळच्या दुकानातून घाईघाईने स्वेटर घेतला. आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "गरम हाय ना चांगला?" मी हो म्हटलं. 'आई, तू एक विणून दे ना' हे अगदी ओठांवर आलं होतं, पण कुठल्या तोंडाने मागणार?

तिला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलले, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत होते. खरं सांगू? मला फोन लवकर ठेवायचा असायचा.

आई जाऊनही आता खूप वर्षं झाली. दर वर्षी इतक्या मायेने पाठवायची ती... आणि तिच्या हातचं विणलेलं आज आमच्या घरात काहीही नाही.